सहा दहाच्या गाडीचं कमळ

मित्रांनो, माझ्याकडे जरा नीट बघा. मधोमध गुलाबी डाग दिसतोय ना, ते कमळ आहे. खाली डाव्या कोपऱ्यात करडं काहीतरी आलंय, तो अंगठा आहे. आणि वर पिवळ्या रंगात बोटाने काढलेली तीन अक्षरं आहेत, त्यातलं तिसरं चुकलेलं आहे. त्या चुकीपायी माझं तैवानभर हसं झालं, आणि त्याच चुकीपायी हायबे गावातून आजही सकाळी सहा दहाची बस सुटते.

मी सुप्रभातचा फोटो. घरातली मोठी माणसं सकाळी उठल्या उठल्या फोनवरून एकमेकांना पाठवतात ना, त्यांच्यातला. तुमच्याकडेही माझे भाईबंद रोज येऊन पडत असतील, म्हणून जास्त ओळख करून देत नाही. माझं वय सहा वर्षं, आणि आमच्यात हे पार म्हातारपण झालं. आमच्यातले बहुतेक सकाळी जन्मतात आणि दुपारच्या आत पुसले जातात. मी टिकलो, पण झिजलो. एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जाताना दर वेळी अंगाचा थोडा चुरा सांडतो. माझ्या पाकळ्यांना पूर्वी शिरा होत्या. खोटं वाटेल, पण होत्या.

माझा जन्म बाइहेच्या तळ्याकाठी झाला. हायबेच्या बायका माचो देवीच्या यात्रेहून परत येत होत्या आणि बस तळ्यापाशी पाय मोकळे करायला थांबली होती. सगळ्या जणी कमळांपुढे उभ्या राहून स्वतःचे फोटो काढून घेत होत्या. बोंगयो आजी तेवढी एकटी काठावर वाकली आणि तिने नुसतं कमळ टिपलं. टिपताना अंगठा मध्ये आला. साठ वर्षं समुद्रातली कालवं, म्हणजे शिंपले, फोडून फोडून त्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं आणि मधोमध चिरलं होतं. हा अंगठा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बोंगयो या नावाचंही सांगायला हवं. गावच्या भाषेत त्याचा अर्थ, आलीच आहे तर असू दे, वाढवू. घरात चौथी मुलगी झाली की असं नाव ठेवत. तुमच्याकडे नकोशी ठेवायचे, त्यातलाच प्रकार. तिला शाळेत घातलं, पण त्या काळी शाळेत गावची भाषा बोलायला बंदी होती. कोणी बोललं की गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे, 'मी गावची भाषा बोलणार नाही' असं लिहिलेली. बोंगयोला दुसरी भाषा येतच नव्हती, त्यामुळे पाटी बहुतेक तिच्याच गळ्यात असायची. तिसरीत असताना एक दिवस ती शाळेतून निघाली ती थेट कालवांच्या ढिगापाशी जाऊन बसली. अक्षरांशी तिचा संबंध तिथे तुटला.

तो परत जुळवला तिच्या नातीने. नात पेइ-ची ताइचुंग शहरात राहते, मिठाईच्या खोक्यांवरची चित्रं काढते. त्या उन्हाळ्यात ती दोन दिवस घरी आली होती. फोटोवर बोटाने कसं लिहायचं हे तिने आजीला दाखवलं. बोंगयोने बराच वेळ विचार केला आणि माझ्या अंगावर तिला येत होतं ते एक वाक्य लिहिलं. जेवलास का.

आमच्याकडे भेटल्यावर पहिला प्रश्न हाच, मग सकाळ असो की संध्याकाळ. लिहायला तीन अक्षरं लागतात. खाल्लं, पोटभर, अजून नाही. म्हणजे पोटभर खाल्लंस की अजून नाही. आता मेख अशी आहे की 'अजून नाही' हे अक्षर आणि 'शेवट' हे अक्षर अगदी जुळी भावंडं आहेत. उभी रेघ तीच, तिरक्या रेघा त्याच, आडव्या रेघा दोनच. खालची आडवी रेघ लांब काढली तर 'अजून नाही'. वरची लांब काढली तर 'शेवट'. तुमच्या शाळेत ऱ्हस्व-दीर्घावरून मार्क कापतात तसंच हे, फक्त इथे अर्थच उलटा होऊन बसतो. बोंगयोने वरची रेघ लांब काढली. तेव्हापासून माझ्या अंगावर लिहिलेलं आहे, पोटभर खाल्लं, शेवट.

पेइ-चीच्या ते लक्षात आलं. ती गालातल्या गालात हसली आणि ते तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वीसला मी कामाला लागलो. माझं काम एका गटात होतं, गटाचं नाव 'सहा दहा'. त्यात चौदा म्हातारी माणसं, सगळी सहा दहाच्या बसची. हायबे हा बसचा शेवटचा थांबा, तिच्या पुढे समुद्रच. पहाटेची गाडी तिथून सुटते आणि चाळीस मिनिटांत शहरात पोचते. कोणाला दवाखाना असायचा, कोणाला बाजार. बोंगयोला नवरा होता. आदल्या हिवाळ्यात बुनथोंगला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्याला शहरातल्या एका शुश्रूषागृहात ठेवलं होतं. तिथल्या बायका चांगल्या होत्या, पण त्यांच्या हातचा चमचा आला की बुनथोंग दात घट्ट मिटायचा. सात वाजता बोंगयो रताळ्याची पेज घेऊन पोचली की तोंड उघडायचा. पुढची बस नऊ चाळीसची. तोवर उपाशी राहिलं तर त्याची औषधं चुकायची. म्हणून बोंगयोला सहा दहाचीच गाडी लागायची, रोज.

मित्रांनो, तरुण मंडळींना वाटतं आम्ही रिकामटेकड्यांचा उद्योग आहोत. 'सहा दहा' गटात आम्ही हजेरी होतो. फोटो आला म्हणजे माणूस उठला. बसचा ड्रायव्हर, थिअमही त्याचं नाव, तोही याच गटात होता आणि चौदा फोटो मोजल्याशिवाय गाडीला किल्ली लावत नसे. एखादा कमी पडला की त्या घरापुढे बस नेऊन भोंगा वाजवायचा. बाकीचे रोज नवीन फोटो पाठवायचे, सूर्योदय, मांजरं, चहाचे पेले. बोंगयो रोज मलाच पाठवायची. एक चांगला आहे तर दुसरा कशाला, असं तिचं म्हणणं.

गटात किमसुन नावाचे एक गृहस्थ होते. देवळाच्या लाल कागदांवरच्या सूचना ब्रशने तेच लिहायचे. अक्षर चुकलं तर माचो देवी रागावते की नाही ते ठाऊक नाही, किमसुन रागवायचे. मी गटात उतरलो की पाठोपाठ त्यांचं उत्तर यायचं, "विद्वान बाई, रेघ." बोंगयो लिहायची, कळलं ना तुला, मग झालं. तसं तिला त्यांनी चार-चारदा समजावून दिलं होतं. दोन दिवस तिच्या लक्षात राहायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा उलटं.

एका थंडीत किमसुनचा सूर्योदय आला नाही. थिअमहीने भोंगा वाजवला, मग दार फोडलं. किमसुन न्हाणीघरात पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. अजून तासभर उशीर झाला असता तर थंडीने गेले असते असं डॉक्टर म्हणाले. आठ दिवस गटात रेघेचं कोणी नाव काढलं नाही, आणि सगळ्यांना चुकल्या चुकल्यासारखं झालं. नवव्या दिवशी दवाखान्यातून उत्तर आलं, "विद्वान बाई, रेघ." तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आता माझ्या बदनामीचं सांगतो. पेइ-चीने मला एका मैत्रिणीला दाखवायला म्हणून पाठवलं. मैत्रिणीने म्हाताऱ्यांच्या फोटोंवर हसायचं एक पान होतं त्यावर चिकटवलं. एका आठवड्यात मी मीम झालो. कोणाचं प्रेम मोडलं की तो मला लावायचा, पोटभर खाल्लं, शेवट. परीक्षेत नापास झाला की मला लावायचा. सुट्टी संपली की लावायचा. माझ्या कमळाला कोणी चष्मा घातला, कोणी डोळ्यांतून पाणी काढलं. एका दिवसात मी इतक्या फोनांत गेलो की माझ्या पाकळ्यांच्या शिरा त्याच आठवड्यात गेल्या. खरं सांगू, मला मजा वाटत होती. चौदा माणसांत वावरलेला मी, आता बेट पालथं घालत होतो. लोक माझ्यावर हसताहेत की माझ्याबरोबर, हा विचार मला शिवला नाही.

तो विचार शिवला मे महिन्यात. बोंगयो पेज भरवत होती आणि मी फोनमध्ये, वाटीला टेकून उभा होतो. बुनथोंगला मला बघत जेवायची सवय होती. चादरी बदलायला आलेली नवी परिचारिका मला बघून हसायलाच लागली. म्हणाली, अमा, तुमच्याकडेही हे पोचलं का, आमच्या वर्गात सगळ्यांकडे होतं, कोणा अडाणी म्हातारीने 'अजून नाही'च्या जागी 'शेवट' लिहून ठेवलंय. अमा म्हणजे आजी. मुलगी वाईट नव्हती, हसरी होती एवढंच. बोंगयोने चमचा खाली ठेवला आणि आपला अंगठा माझ्या कोपऱ्याशी आणून धरला. तेच काळं नख, तीच चीर. मुलीने एकदा नखाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चादरी न बदलताच ती बाहेर गेली.

परतीच्या गाडीत बोंगयोने नातीला फोन करून विचारलं, माझं कमळ परक्या लोकांकडे कसं गेलं गं. पेइ-ची म्हणाली, मला काय माहीत. ती खोटं बोलत होती हे मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे.

त्यानंतर अकरा दिवस बोंगयोने मला पाठवलं नाही. काहीच पाठवलं नाही. थिअमही भोंगा वाजवायचा तेव्हा ती दारातच उभी असायची, डबा हातात घेऊन, मान खाली. गळ्यात पाटी अडकवलेली पोर कशी उभी राहत असेल ते मला त्या दिवसांत कळलं. किमसुनने दोनदा विचारलं, विद्वान बाई, फोटो कुठाय. मी त्या फोनमध्ये पडून होतो आणि मला माझीच लाज वाटत होती.

बाराव्या दिवशी थांब्यावर नोटीस लागली.

तिची हकीकत अशी. बसमध्ये कार्ड टेकवायचं यंत्र असतं, त्यावरून कंपनीला प्रवासी किती ते कळतं. हायबेच्या खाऱ्या वाऱ्याने ते यंत्र गंजलं होतं. ज्येष्ठांची कार्डं चार वेळा टेकवावी लागायची आणि मागे रांग खोळंबायची. थिअमही मऊ मनाचा माणूस. बसा, बसा, पडाल, म्हणून सगळ्यांना तसाच आत घ्यायचा. त्या दयेचा परिणाम असा झाला की कंपनीच्या कागदावर सहा दहाच्या गाडीला रोज दोनच प्रवासी होते, शाळेत जाणाऱ्या दोन पोरी. दोन प्रवाशांसाठी कोण गाडी सोडेल? गाडी बंद होणार अशी कुणकुण गावात होतीच.

नोटिशीत वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, शेवटची गाडी, तीस जून. बोंगयो सगळ्यांच्या आधी पोचली होती. तिने बोट ठेवून ठेवून वाचलं, आणि तिचा चेहरा फुलला. एकेक माणूस आला तसं ती सांगू लागली, "चांगलं लिहिलंय बरं का. 'अजून नाही' म्हणतात. तीस जूनची गाडी, अजून नाही. उगीच घाबरवत होते सगळे."

कोणी हसलं नाही. कसं हसणार? तिच्या डब्यातून पेजेची वाफ येत होती. गाडी बंद झाली तर काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं. तिच्या मुलाने तिला दूर ताओयुआन शहरात आपल्या अकराव्या मजल्यावर न्यायचं ठरवलंच होतं. बुनथोंगला भेटायला महिन्यातून एकदा आणीन म्हणाला होता. आणि सकाळी सात वाजता बुनथोंग कोणाच्या चमच्याला तोंड उघडणार? शेवटी थिअमहीनेच हळू आवाजात सांगितलं की आजी, ते 'शेवट' आहे. बोंगयोने नोटिशीकडे पाहिलं. म्हणाली, "म्हणजे मी परत उलटं वाचलं." आणि खाली बाकावर बसली.

किमसुन काठी टेकत पुढे झाले. खिशातून देवळाचं ब्रशचं पेन काढलं. माझी खात्री होती की आता तिला सगळ्यांपुढे रेघ समजावून देणार. त्यांनी नोटिशीवरच्या त्या अक्षराला हात घातला आणि खालची आडवी रेघ दोन्ही बाजूंनी वाढवली, वरच्या रेघेच्या पार पलीकडे नेली. आता तिथे लिहिलेलं होतं, अजून-नाही गाडी.

"बोंगयोच्या वाचण्यात चूक नाही," किमसुन म्हणाले. "लिहिणाऱ्याची रेघ आखूड पडली होती."

साठ वर्षं शुद्ध अक्षरासाठी भांडलेला माणूस जाणूनबुजून अक्षर बदलतो आहे, हे हायबेने पहिल्यांदा पाहिलं. थिअमहीने फोटो काढून गटात टाकला. त्या सकाळी गाडी चार मिनिटं उशिरा सुटली.

शुश्रूषागृहात बोंगयोने बुनथोंगला सगळं सांगितलं. गाडीचं सांगितलं, मुलाचं सांगितलं. मग मला उघडून त्याच्यापुढे धरलं आणि विचारलं, "म्हाताऱ्या, तू सहावीपर्यंत शिकलेला. हे रोज बघत होतास. चुकलंय हे तुला कळलं नव्हतं?" बुनथोंगने डावा हात उचलला. तर्जनी पेजेच्या पाण्यात बुडवली आणि ताटावर लिहायला लागला. उभी रेघ, तिरक्या रेघा, वरची छोटी आडवी. मग खालची. ती ताटाच्या एका काठापासून निघाली ती दुसऱ्या काठापर्यंत गेली, तरी बोट थांबेना, पुढे चादरीवर ओढत गेलं. अजून नाही. बोंगयो त्या ओल्या रेघेकडे बघत बसली, मग तिने चमचा भरला. मी जवळून पाहिलं म्हणून सांगतो, त्या दिवशी तो सगळी पेज जेवला.

बोंगयोने नोटिशीचा फोटो नातीला पाठवला होता, आता बरोबर आहे का बघ, एवढंच विचारून. शनिवारी पेइ-ची घरी आली. आल्या आल्या तिने कबूल केलं की अमा, तुझं कमळ मीच बाहेर पाठवलं, आणि तुझ्याशी खोटं बोलले. तिला रडू कोसळलं. बोंगयो कालवं फोडत होती, तिने सुरी खाली ठेवली नाही. मला वाटलं आता पोरीला चांगलं झापणार.

तिने विचारलं, "किती माणसं हसली असतील गं?"

पेइ-ची म्हणाली, लाखभर तरी.

"मग त्यांना म्हणावं, हसून झालं असेल तर जरा गाडीचं बघा."

मित्रांनो, माझं खरं आयुष्य इथून सुरू झालं. पेइ-चीने त्याच पानावर माझ्याशेजारी किमसुनची रेघ लावली आणि खाली लिहिलं, हा अंगठा माझ्या आजीचा आहे, आणि तिला सकाळी सात वाजता नवऱ्याला भरवायला पोचायचं असतं. बसकंपनीचं चौकशीचं खातं फोनवर होतंच. पेइ-चीने सांगितलं, शिव्या देऊ नका, म्हाताऱ्यांच्या पद्धतीने बोला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वीसला त्या खात्यावर कमळं उतरायला लागली. हजारोंनी. गुलाबी, पांढरी, चष्मेवाली, सगळी. प्रत्येकावर तेच, सुप्रभात, जेवलात का. ज्या मुलांना गावची भाषा नीट बोलताही येत नव्हती त्यांनी आजी-आजोबांना विचारून ती लिहायला सुरुवात केली. काहींनी मुद्दाम वरची रेघ लांब काढली आणि मग दुसऱ्या रंगाने खालची वाढवली. आता कोणी विचारलं की चूक आहे का, तर म्हणायचे, नाही, हायबेचं अक्षर आहे.

कंपनीचं खातं यंत्रासारखं उत्तर द्यायचं. आपला संदेश मिळाला, आपल्या मताचा आम्ही आदर करतो. जेवलात का याला हे उत्तर. लोकांनी पुन्हा विचारायचं, ते असू दे, जेवलात का? असे आठ दिवस गेले. तीस जून जवळ येत चालला आणि बोंगयोच्या मुलाने तिच्या सामानासाठी खोकी पाठवून दिली. ती खोकी तिने न उघडता कालवांच्या टोपल्यांखाली ठेवली.

नवव्या दिवशी पहाटे साडेपाचला त्या खात्यावर कोणी माणूस बसलेला असावा. बहुधा एखादी मुलगी, पहाटेच्या पाळीची, पोटात काही नसलेली. हजारो लोक आठ दिवस आपुलकीने विचारताहेत म्हटल्यावर तिला राहवलं नाही. तिने गावच्या भाषेत खरं ते उत्तर दिलं.

"अजून नाही."

शुद्ध लिहिलेलं होतं. खालची रेघ लांब.

दुपारपर्यंत ते उत्तर बेटभर पसरलं. गाडीचं काय विचारल्यावर कंपनीच म्हणते, अजून नाही! वर्तमानपत्रांनी छापलं. कंपनीने खुलासा केला की ते न्याहारीबद्दल होतं, आणि मग लोक आणखीच हसले. या वेळी ते कोणावर हसताहेत ते मला नीट कळत होतं. उत्तर देणाऱ्या मुलीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. ती सुखरूप असावी आणि वेळेवर जेवत असावी असं मला नेहमी वाटतं.

अखेर एक साहेब सहा दहाच्या गाडीत मोजायला आले. थिअमहीने त्या दिवशी नवीन यंत्र बसवून घेतलं होतं आणि एकालाही कार्ड टेकवल्याशिवाय सोडलं नाही. चौदा म्हातारे, दोन पोरी. साहेबांना बोंगयोने विचारलं, जेवलात का, आणि रताळं हातात दिलं. साहेबांनी ते मुकाट्याने खाल्लं. आठवड्याने नवी नोटीस आली, गाडी सहा महिने चालू राहील, पुढे बघू.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी नोटीस येते, शेवटची गाडी अमुक तारखेला. दर वेळी कोणीतरी खालची रेघ लांब करतं, पोरं कमळं पाठवतात, आणि मुदत वाढते. मागच्या खेपेला तर नोटीस छापूनच आली, अजून-नाही गाडी. छापणाऱ्याची चूक की मुद्दाम, कोणी विचारायला गेलं नाही.

त्या गाडीने बोंगयोला एक वर्ष आणि सात महिन्यांच्या सकाळी दिल्या. त्यातली एकही तिने चुकवली नाही. मग एका थंडीत, पेज संपल्यावर, तोंड पुसता पुसता बुनथोंग गेला. दुसऱ्या दिवशी पाच वीसला मी गटात उतरलो, पण नेहमीसारखा नाही. बोंगयोने माझ्या अंगावरचं तिसरं अक्षर पुसून टाकलं होतं. दोनच ठेवली होती. खाल्लं, पोटभर. त्या सकाळी किमसुनने रेघेचं काही लिहिलं नाही, कारण रेघच नव्हती. थिअमहीने तेरा फोटो आणि एक मी असे चौदा मोजले आणि गाडी सुरू केली.

आता बोंगयो ब्याऐंशीची आहे. शहरात तिचं काही काम उरलेलं नाही, तरी सहा दहाला ती गाडीत असते. यंत्रावर कार्ड टेकवते, माणसं मोजली जावीत म्हणून. मला पुन्हा तिन्ही अक्षरांसकट पाठवते. तिसरं अजून चुकीचंच लिहिते. आता सगळं गाव तसंच लिहितं, एकटे किमसुन सोडून.

मी काही फार दिवसांचा नाही, मित्रांनो. अजून हजार-दोन हजार वेळा पाठवला गेलो की कमळ कुठलं आणि अंगठा कुठला ते कळणार नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. फक्त एक मागतो. उद्या सकाळी तुमच्या फोनवर माझा कोणी भाईबंद आला, अक्षर वेडंवाकडं, फूल भडक, कोपऱ्यात अंगठा, तर पुसण्याआधी कोणी पाठवलाय ते बघा. तो माणूस तुम्हाला सांगतोय की मी आज उठलोय, आणि विचारतोय की तू जेवलास का. त्याला उत्तर द्या. 'अजून नाही' एवढं लिहिलंत तरी पुरे.